कानातलं नाव

बारशाच्या घुगऱ्या वाट्यांत भरत होते, तेवढ्यात भाऊ स्वयंपाकघरात आला. "ताई, उमा नको. जपानीत उमा म्हणजे घोडा. ओसाकात पोरं चिडवतील तिला."

"आईचं नाव आहे ते!" घुगऱ्या ओट्यावर सांडल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. आई गेल्यापासून मी याच दिवसाची वाट बघत होते.

पाळण्याभोवती बायका जमल्या. माझी जपानी भावजय हारुमी माझ्याकडेच बघत होती. मी दोनदा वाकले, दोनदा उठले. शेवटी बाळाच्या कानात "उमा" म्हटलं आणि बायकांना मोठ्याने सांगितलं, "इरा!"

रीतीप्रमाणे सगळ्यांनी माझ्या पाठीत धपके घातले. डोळे भरून आले.

"वन्सं, लागलं?" हारुमीने घाबरून विचारलं.

"बायकांचे हात जड आहेत गं," मी म्हटलं.