गार्दोनची साथ

रेगिना ताटल्या पुसत असताना भिंतीकडून तार फटकन आपटल्याचा आवाज आला आणि तिचा हात थबकला.

भिंतीवर गार्दोन टांगलेला होता. एकाच खोडातून कोरलेला, चेलोसारखा पण ओबडधोबड. ग्यिमेशच्या खोऱ्यात नवऱ्यानं व्हायोलिन वाजवायचं आणि बायकोनं शेजारी बसून गार्दोनच्या तारांवर काठीनं ठेका धरायचा, मधूनच एक तार ओढून फटकन आपटायची, ही रीतच. तिचा नवरा गेर्गेय पडत्या झाडाखाली सापडून गेला, तेव्हा तिनं रीतीप्रमाणे तारा सैल सोडल्या होत्या. सैल तार वाजत नाही.

"देऊन टाक गं वहिनी," नणंद गिझेला म्हणाली. "शहरातले वादक जीव टाकतात असल्या जुन्या धुडावर. म्हणे, हा घुमारा नव्यात नाही. तू काय, त्यात कोबी आंबवणार आहेस?"

"त्यांच्या शेजारची माझी जागा आहे ती. ती कशी देऊ?"

पुन्हा तार आपटली. मग काठीचे संथ ठोके सुरू झाले. गिझेलानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि खुर्ची मागे सारली.

रेगिना जवळ गेली. तारा नुसत्या लोंबत होत्या, हलतही नव्हत्या. ठेका मात्र ओळखीचा होता, तिसऱ्या ठोक्याआधी किंचित अडखळणारा. असा हात खोऱ्यात एकीचाच होता. तिचा स्वतःचा.

चुलीपाशी छोटा मार्तोन मान डोलावत होता, तिला ऐकू न येणाऱ्या कुठल्याशा सुरावर.

"आई," तो म्हणाला, "तू तर इथं आहेस. मग बाबांच्या शेजारी कोण बसलंय?"