दुहेरी रेघ

प्राचीच्या लग्नाची सुपारी फोडायला वडिलांनी बत्ता उचलला, तोच तिने कॉलेजातून आणलेला आनुवंशिकतेचा ग्रंथ पाटावर उघडून ठेवला.

“आत्या, तुझ्या मुलात खोट नाही. पण हे चित्र बघ. चौकोन मुलगा, गोल मुलगी. दुहेरी रेघ म्हणजे नात्यातलं लग्न. त्याखालचे काळे भरलेले चौकोन-गोल म्हणजे रक्तात दडलेल्या आजाराने गेलेली मुलं.”

“भाची आत्याच्याच घरी द्यायची, ही आपली रीत आहे. मिटव ते!” वडील कडाडले.

आत्या मात्र वाकून बघतच राहिली. तिलाही अशीच तिच्या आत्याच्या घरी दिली होती. दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा त्याच आत्याने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं.

काळ्या चौकोनावर तिने बोट ठेवलं.

“म्हणजे माझे पाय पांढरे नव्हते?”

तिने बत्त्याखालची सुपारी उचलली आणि कनवटीला लावली.