आईच्या नावाचा कप्पा

घरातले दिवे, पंखे आणि औषधांच्या वेळा सांभाळणारा प्रोग्राम मुलानेच लिहिला होता. सेटिंगच्या फाइलमध्ये वडिलांच्या साऱ्या नोंदी आईच्या नावाच्या कप्प्यात होत्या. "यांचं वेगळं काही मांडू नकोस, माझ्यातच घाल. यांना घरातलं काही सुधरत नाही," असे तिनेच हसत बजावले होते. ती गेल्यावर, औषधाच्या वेळी यंत्राने तिला पुन्हा हाक मारू नये म्हणून, आत काय आहे हे न पाहताच त्याने तो अख्खा कप्पा पुसून टाकला.

संध्याकाळी तो परतला, तेव्हा वडील अंधारात बसले होते. सकाळच्या गोळ्याही तशाच पडून होत्या.

"बाबा, दिवा लागला नाही तर मला फोन नाही का करायचा?"

"मला वाटलं, आता हे असंच असणार."