काळा की चंदेरी

“काळा की चंदेरी?” मिस्त्रींनी तपासायला आलेले दोन्ही कॅमेरे काउंटरवरच्या मऊ फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. “जुळी भावंडं आहेत, ताई. एकाच कंपनीची, एकाच वर्षातली. फक्त कपडे वेगळे.”

बाई हसली नाही.

“उद्या तो येणार. एक मी निवडायचा, दुसरा तो नेणार. वाटणीत एवढंच राहिलंय.”

तो म्हणजे तिचा नवरा. गेल्या महिन्यापर्यंतचा.

“मग विचार कसला करताय? काळा घ्या. याचं शटर लोण्यासारखं चालतं. चंदेरी वापरून झिजलाय, कुरकुरतो. माझ्यासारखा.” मिस्त्रींनी काळा तिच्या हातात दिला. “या खिडकीतून बघा. मधोमध एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतील. ही कडी फिरवायची, एक चित्र दुसऱ्यावर नीट बसलं की फोकस झाला. नवरा-बायकोचं असतं ना, तस्सं…”

मिस्त्रींनी जीभ चावली.

“तोंडाला कुलूप कधी लावणार हो तुम्ही?” आतल्या टेबलाशी पाकिटं चिकटवत बसलेल्या मिस्त्रीणबाई कडाडल्या.

“असू दे,” बाई म्हणाली. “आमची चित्रं कधी बसलीच नाहीत.”

तिने काळा खाली ठेवला. “आत रोल असलेला कुठला?”

मिस्त्रींनी दोन्हींचे आकडे पाहिले, चंदेरीची रोल गुंडाळायची चावी हळूच फिरवून पाहिली. ती अडली.

“चंदेरी. बावीस फोटो झालेत.”

बाईने काउंटरची कड घट्ट धरली. “मग मला चंदेरी. कुरकुरू दे.”

आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती बोलत सुटली.

मुलगी सहा वर्षांची. पुढचे दोन दात मोठाले, म्हणून नाव खारूताई. घरात फोटो काढायचा तो फक्त बापाने. पण त्या दिवशी बाप कामासाठी बाहेरगावी होता आणि खारूताईने हट्टच धरला, आज आई फोटो काढणार! मग दोघी तळ्यावर गेल्या. दिवसभर हुंदडल्या.

“तीन दिवसांनी ती गेली. तापाने.” बाईचा आवाज सपाट होता. “तो म्हणतो, पोरीचं अंग तापत होतं आणि तू फोटो काढत बसलीस. तुला डोळे आहेत की भोकं? सासरचे तेच म्हणतात. माझी सख्खी बहीणसुद्धा. आता मलाही तसंच वाटतं. पण ती हसत होती हो! मी या खिडकीतून बघत होते ना, अगदी लख्ख दिसत होती. मला एकदा तिचा चेहरा बघू दे. ती आजारी दिसत होती का, एवढंच बघू दे.”

मिस्त्री चष्मा पुसत राहिले.

“ताई, या कॅमेऱ्यांचं एक असतं. आपण बघतो एका खिडकीतून, आणि फोटो येतो वेगळ्याच भिंगातून. दिसलं ते आलंच असेल, असं नाही. फार आशा…”

“धुवा,” ती म्हणाली.

मिस्त्री चंदेरी घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. मिस्त्रीणबाईंनी बाहेरून काळा पडदा ओढला आणि बाईपुढे चहा ठेवला. चहावर साय धरली. आतून पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मिस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांचे हात ओले होते. आणि रिकामे.

“ताई, घात झाला. माझ्याकडून दार नीट लागलं नाही. फटीतून उजेड शिरला. रोल गेला.”

“सगळा?”

“सगळा.”

“एक तरी? अर्धा? नुसते तिचे पाय असले तरी चालतील.”

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली.

“किती वर्षं करताय हे काम?”

“चाळीस.”

“आणि आतापर्यंत किती रोल घालवलेत?”

“हा पहिला.”

“माझाच मिळाला तुम्हाला?” ती पुढे झाली आणि तिने मिस्त्रींच्या छातीवर मूठ मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी हात वर उचललाच नाही. “माझाच मिळाला?”

मिस्त्री जागचे हलले नाहीत.

शेवटी त्यांनी विचारलं, “कुठला देऊ?”

“कुठलाही द्या. आता काय फरक पडतो?”

मिस्त्रींनी काळा पिशवीत घातला. पिशवी तिच्या खांद्याला त्यांनाच अडकवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला. चंदेरी उचलला, रोल गेल्याचं ऐकलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना कसाई म्हणाला. आंधळा म्हणाला. आणखीही बरंच काही. मिस्त्री हात जोडून ऐकत होते. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली, त्यातल्या एकाने आधी दिलेला रोल परत मागून घेतला.

दुपारी मिस्त्री स्टुलावर चढले आणि ‘फिल्म धुऊन मिळेल’ ही पाटी उतरवू लागले.

“पुरे झालं!” मिस्त्रीणबाईंनी स्टूल धरलं. “कुठली फट? पडदा मी ओढला होता. दार ढकलूनही पाहिलं होतं. खोटं का बोललात?”

उत्तराची वाट न बघता त्या तरातरा अंधाऱ्या खोलीत गेल्या. फिल्म दोरीवर अजून लटकत होती. तीस वर्षं त्यांनी अशा फिल्म वाळवल्या होत्या. उजेड लागलेली फिल्म धुतल्यावर कोळशासारखी काळी पडते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी फिल्म बाहेर दुकानाच्या खिडकीपाशी नेली आणि उंच धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती काचेसारखी स्वच्छ होती. पलीकडचे मिस्त्री तिच्यातून आरपार दिसत होते.

“बावीसच्या बावीस?” मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

“कुणापाशी बोलू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “लेन्सवरचं झाकण काढायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.”