डावीकडची ओढ

"अण्णा, दत्तमहाराजांना हल्ली एकाच हाताने नमस्कार?" ट्रकमध्ये शेजारी बसत, समोरच्या तसबिरीकडे बोट दाखवून मिस्त्रीने थट्टा केली.

"आधी गाडीचं बघ. सारखी डावीकडे ओढते," अण्णा त्रासून म्हणाले. टायर बदलले, चाकांची अलाइनमेंट झाली, स्प्रिंगचे पाटे तपासले, दोष सापडेना. उद्या भरलेला ट्रक घाटातून उतरवायचा होता आणि दरी डावीकडेच होती.

सपाट, निर्मनुष्य रस्ता लागताच मिस्त्री म्हणाला, "आता दोन्ही हात सोडा."

अण्णांनी श्वास रोखून स्टिअरिंग सोडले. तो महाकाय ट्रक एखाद्या व्रतस्थासारखा सरळ चालत राहिला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता धरा."

त्यांनी धरले मात्र, ट्रक पुन्हा डावीकडे झुकला.

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली. "ओढ गाडीत नाही, अण्णा. तुमच्या उजव्या हातात जोरच नाही. बाजूला घ्या. दवाखान्यापर्यंत मी चालवतो."

ट्रक थांबला. उतरण्यापूर्वी अण्णांनी तसबिरीपुढे दोन्ही हात जोडू पाहिले. डावा हात छातीपाशी येऊन थांबला, उजव्याची वाट पाहत.