झाकण लावून काढलेले फोटो

"मी काढलेला फोटो मला ओळखता येत नाही होय?" असं म्हणत काकांनी आपला कॅमेरा दुरुस्तीवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवला. पुतणीनं शेजारी आपला ठेवला. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, अगदी जुळे.

भांडण एका फोटोवरून होतं. फाउंड्रीच्या अंधारात वितळलेलं लोखंड साच्यात पडतंय आणि त्या उजेडात एका म्हाताऱ्या कामगाराचा चेहरा उजळून निघालाय. त्या दिवशी दोघांनीही फोटो काढले, एकाच जागी साठवले आणि कुठला कुणाचा ही नोंदच उडाली. आता हा फोटो प्रदर्शनात लागणार होता. काकांच्या नावाच्या पाट्या ढीगभर होत्या. पुतणीचं नाव अजून एकाही फोटोखाली लागलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही लेन्स काढल्या. आत टपालाच्या तिकिटाएवढे, उजेड टिपणारे दोन सेन्सर चमकले.

"काही फरक दिसतोय?"

"छे! डावा-उजवा करायला जागाच नाही," काका म्हणाले.

बाईंनी दोन्ही कॅमेऱ्यांना झाकणं लावली आणि झाकणासकटच फोटो काढले, तीस-तीस सेकंदांचे.

"आंधळी कोशिंबीर खेळताय की काय?" काका हसले.

स्क्रीनवर दोन काळेकुट्ट चौकोन आले. बाई त्या चौकोनांचा उजेड वाढवत गेल्या. काळ्यातून एक लाल ठिपका वर आला, मग एक निळा, मग बघता बघता शंभरेक. दुसऱ्या चौकोनातही तसेच, पण सगळे वेगळ्याच जागी. काकांचं हसू थांबलं.

"उजेड नसला तरी सेन्सरवरचे काही कण पेटलेलेच राहतात," बाई म्हणाल्या. "थोडे जन्मापासूनचे, थोडे वयाबरोबर आलेले. कारखाना एक असू दे, साचा एक असू दे, एकाचे ठिपके दुसऱ्याशी जुळायचे नाहीत."

"चाळीस वर्षं हातात कॅमेरा आहे माझ्या," काका पुटपुटले, "आणि हे मला आज कळतंय." आपण इथं भांडत आलो होतो, हे दोघंही क्षणभर विसरून गेले.

मग बाईंनी फाउंड्रीच्या फोटोतला काळोखाचा कोपरा मोठा केला. पाच-सहा ठिपके सापडले. तो कोपरा त्यांनी आधी काकांच्या चौकोनावर ठेवला, मग पुतणीच्या. तिथं ठिपक्यावर ठिपका बसला.

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. ते फोटो बघत होते, आयुष्यात पहिल्यांदाच बघावा तसा.

"उभी कुठे होतीस गं तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्याच मागे, काका. स्टुलावर."