पाळण्यातली आत्या

सावंतवाडीच्या रेश्मा नाटेकरांच्या पत्राला भालचंद्ररावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. बारशाचे पाळणे रचायचे, गायचे, विकायचे, गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं द्यायची, हे सगळं त्यांच्या संगणकावरची यंत्रणा आपली आपण करायची. हे पत्र मात्र कागदावर आलं होतं. ‘माझ्या शर्वीला आत्या नाही. तुमच्या पाळण्यात कुशावती आत्या येऊन तिचं नाव ठेवते. पोर अजून रोज तो ऐकते आणि आत्याची वाट बघते. ही कोण, ते कळवाल का?’

कुशावती तर त्यांची थोरली बहीण! स्वतः एक ओळही न रचलेल्या माणसानं काय कळवायचं, म्हणून ते गप्प राहिले होते. पण कुतूहल जाईना. शेवटी त्यांनी ते पत्र तारखेसकट मोठ्यानं वाचून यंत्रणेलाच विचारलं, “हे नाव कुठून आणलंस?”

“तुम्ही नमुन्याला दिलेल्या, तुमच्या मुलाच्या पाळण्यातून. कोणी आत्याचं नाव कळवलं नाही, की मी तेच घालते. आजवर अकरा हजार वेळा.”

शेजारी शेंगा सोलत बसलेल्या कुशाताईंचे हात थांबले. “अकरा हजार भाचरं? आणि ही एक वाट बघतेय, तर तू पत्र दाबून बसलास, भालू?”

“काय लिहू, ताई? आत्या खोटी आहे म्हणून?”

“खोटी? ही काय तुझ्यासमोर बसलेय! कागद आण.”

‘चि. शर्वीस आत्याचे आशीर्वाद. दिवाळीत येते,’ असं कुशाताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं. पत्ता भालचंद्ररावांनी घातला आणि चपला अडकवून ते स्वतःच पत्र पेटीत टाकून आले.